आठवारी : एका किल्टच्या एकोणतीस चुण्या

मी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनमध्ये राहून किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा कमरेला नेसायचा चुण्यांचा पोशाख, शिवते, हे ऐकून इचलकरंजीच्या नातेवाइकांना अजूनही हसू येतं. "गड्यांचा परकर" हा मावशीनं दिलेला शब्द. वडिलांचे माग होते, त्यामुळे ताणा-बाणा आणि चौकडा हे शब्द मला बाराखडीच्या आधी कळले. शिवण नंतर शिकले, आणि किल्ट तर इथं आल्यावर, एका म्हाताऱ्या बाईंकडे तीन हिवाळे बसून. पुढे लिहिलंय ते त्या शिकण्यानंतरच्या एका ऑर्डरीबद्दल. तिच्यात मी एकदा साफ चुकले आणि एकदा जाणूनबुजून वाकडी वाट धरली.

ऑर्डर लग्नाची होती. नवरा मुलगा तिशीतला, सायकल चालवणारा. कंबर ३३ इंच, सीट म्हणजे बसण्याच्या भागाचा घेर ४१. शिंप्याला हे आकडे ऐकूनच कळतं की काम सोपं नाही, कारण आठ इंचांचा फरक कुठंतरी जिरवायचा असतो. कापड गॉर्डन टार्टनचं (टार्टन म्हणजे इथलं चौकड्याचं लोकरी कापड), सोळा औंसाचं, जाड आणि शहाणं. एकदा घडी बसली की हलत नाही असं. सोबत आजोबा आले होते. ते गॉर्डन हायलँडर्समध्ये होते. ही पलटण १९९४ मध्ये दुसऱ्या एका पलटणीशी एकत्र केली गेली, पण आजोबा तिच्याबद्दल वर्तमानकाळातच बोलतात. त्यांनी आपला जुना फौजी किल्ट कागदात गुंडाळून आणला होता. तो टेबलावर पसरून ते म्हणाले, "असा." नातू म्हणाला, "असा नको."

वाद चुण्यांचा होता.

टार्टनच्या चौकडीचा एक पूर्ण फेरा, म्हणजे जिथून नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते तिथपर्यंतचं अंतर, त्याला इथं 'सेट' म्हणतात. किल्टचा पुढचा भाग सपाट असतो, एकावर एक येणारे दोन पदर, त्यांना ॲप्रन म्हणतात. सगळ्या चुण्या मागे. आता आठ वार कापड मागच्या वीस इंचांत कोंबायचं तर प्रत्येक चुणीचा बाहेर दिसणारा भाग पाऊण इंचाच्या आसपास राहतो आणि बाकीचं आत दडतं. त्या पाऊण इंचात काय दाखवायचं ते शिवणारा ठरवतो. एक रीत अशी की प्रत्येक चुणीवर तीच एक रेघ आणायची. मग मागून बघितलं की उभ्या रेघांची रांग दिसते आणि मूळ चौकडी ओळखूसुद्धा येत नाही. ही फौजी रीत. गॉर्डनवाल्यांची पिवळी रेघ अशी चुणीचुणीवर उभी असायची. माणूस चालायला लागला की चुण्या उघडतात, आतला निळा-हिरवा क्षणभर चमकतो आणि मिटतो. दुसरी रीत अशी की चुण्यांचे तुकडे शेजारीशेजारी ठेवल्यावर पुन्हा मूळ चौकडीच उभी राहिली पाहिजे, जणू कापडाला घडी घातलेलीच नाही. पुढं जे दिसतं तेच मागं. नातवाला हे हवं होतं.

पहिल्या रीतीचं गणित सोपं. एका चुणीला एक सेट कापड, मोजायचं आणि दुमडायचं. दुसऱ्या रीतीत प्रत्येक चुणीला एक सेट अधिक चुणीची रुंदी लागते. कारण पुढच्या चुणीवर नक्षीचा *पुढचा* तुकडा यायला हवा, म्हणून प्रत्येक वेळी एक पाऊल पुढं सरकावं लागतं. हे सरकणं एकदा जरी चुकलं तरी तिथून पुढची सगळी चौकडी तिरपागडी होते.

गॉर्डनच्या कापडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. हे मुळात ब्लॅक वॉच पलटणीचंच टार्टन : निळा, काळा, हिरवा. १७९३ मध्ये हंटली गावच्या विल्यम फोर्साइथनं ड्यूक ऑफ गॉर्डनसाठी त्या हिरव्यात पिवळी रेघ घालून तीन नमुने तयार केले. एकात एक रेघ, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. ड्यूकनं एक रेघवाला पसंत केला. बाकी सगळं गडद, आणि त्यात ही एकच उजळ रेघ. त्यामुळे डोळा दुसरं काही बघतच नाही. निळा दोन-चार धागे इकडेतिकडे झाला तर कोणाला पत्ता लागत नाही, पण पिवळी अर्धी कापली गेली तर खोलीच्या त्या टोकावरून दिसतं.

सेटमध्ये ही रेघ दोनदा येते, कारण हिरवे पट्टे दोन आहेत. हिरव्यांच्या मध्ये निळे, तेही दोन, पण सारखे नाहीत. एका निळ्याच्या दोन्ही कडांना काळ्या रेघांच्या जोड्या आहेत, दुसऱ्याच्या मध्यावर एकच जोडी. कापडाची खरी आरशासारखी जागा, म्हणजे जिच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात ती, या निळ्यांच्या मध्यावर असते, पिवळ्यावर नाही. पिवळ्याच्या एका बाजूला हा निळा आणि दुसऱ्या बाजूला तो. मला हे माहीत होतं, पण कामाच्या सुरुवातीला डोक्यात नव्हतं.

पहिली मांडणी

माझ्या कापडात सेट बरोबर सात इंचांचा निघाला. अर्धं ॲप्रनला आणि अर्धं चुण्यांना, असा सीटचा हिशेब धरला तर मागं साडेवीस इंच मिळत होते. पाऊण इंचानं भागलं तर सत्तावीस चुण्या. सात इंचांचे नऊ भाग केले की एक भाग पाऊण इंचाहून किंचित मोठा येतो, आमच्या भाषेत सव्वासहा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). नऊ त्रिक सत्तावीस, तीन पूर्ण सेट मागं बसणार, एकवीस इंच. अर्धा इंच ॲप्रनमधून काढता येईल. आकडे इतके छान जुळले की मला स्वतःचं कौतुक वाटलं. अशा वेळी खरं तर हात थांबवून चहा करावा. मी केला नाही.

मधल्या म्हणजे चौदाव्या चुणीच्या बरोबर मध्यावर पिवळी रेघ धरली आणि दोन्ही बाजूंना मांडत गेले. टाचण्या, मग कच्चा धावदोरा. संध्याकाळपर्यंत सत्तावीस चुण्या टेबलावर उभ्या होत्या. सीटच्या ओळीवर चौकडी अगदी सलग दिसत होती. मग कमरेकडची उतरण धरायला घेतली.

किल्टची चुणी कमरेपासून सीटपर्यंत शिवलेली असते आणि त्याखाली मोकळी. शिवलेल्या भागात ती खालून वर निमुळती होत जाते. सीटवर एकवीस इंच होते, ते कमरेवर सव्वासोळा करायचे तर प्रत्येक चुणीतून जवळजवळ दीड सूत आत जायला हवं. ते चुणीच्या कडांमधूनच जातं, दुसरीकडून काढायला जागाच नसते. आणि कडेवर काय होतं? नवाचे अर्धे साडेचार. एक पिवळी रेघ चुणीच्या मध्यावर धरली की दुसरी, अर्धा सेट म्हणजे साडेचार चुण्या पलीकडची, थेट दोन चुण्यांच्या सांध्यावर येते. पाचव्या, चौदाव्या आणि तेविसाव्या चुणीवर रेघ दिमाखात उभी. नवव्या-दहाव्याच्या आणि अठराव्या-एकोणिसाव्याच्या सांध्यावर मात्र ती सीटवर सूतभर रुंद, वर जाताना केसाएवढी, आणि कमरेच्या चार बोटं आधीच गडप.

पाच रेघांपैकी तीन पूर्ण आणि दोन अर्ध्या वाटेत मेलेल्या. मी लांब जाऊन बघितलं, डोळे बारीक करून बघितलं, दिवा बदलून बघितलं. शेवटी धावदोरा उसवला.

साडीच्या निऱ्या आठवल्या त्या रात्री. नऊवारी नेसताना निरी चुकली तर चुकली, उद्या पुन्हा नेसायचीच आहे. इथल्या जुन्या लोकांचंही तसंच होतं. 'फेलेव मोर' म्हणजे मोठा किल्ट हे न शिवलेलं लांबलचक कापड होतं. रोज हातानं चुण्या घ्यायच्या, वर पट्टा आवळायचा, उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. पुढं त्याचा खालचा भाग तेवढा राहिला आणि चुण्या शिवून पक्क्या झाल्या, आपल्याकडं तयार नऊवारी मिळते तशा. सोय झाली खरी, पण रोजची चूक रोज दुरुस्त करायची मुभा गेली. त्यातून चुण्या शिवून झाल्या की वरच्या भागात आत दडलेलं जास्तीचं कापड कापून टाकतात, नाहीतर कमरेवर उशी बांधल्यासारखं दिसेल. एकदा ती कात्री चालली की मागं फिरणं नाही.

दहाचा हिशेब

उपाय कागदावर सुचला, कापडावर नाही. सात इंचांचे नऊ नव्हे, दहा भाग करायचे. दहाचे अर्धे पाच, पूर्ण. म्हणजे एक पिवळी चुणीच्या मध्यावर आली की दुसरीही पाचव्या चुणीच्या मध्यावरच येणार. कडेवर कधीच नाही. एक भाग ०.७ इंच, साडेपाच सुतांहून कणभर जास्त. चुण्या अरुंद होतात पण वाईट दिसत नाहीत. उलट उतरणही सोसवते, कारण चुण्या वाढल्यामुळे प्रत्येकीतून आता साधारण एकच सूत जातं. सीटवर साडेपाच, कमरेवर साडेचार. आणि ते सूत जातं कुठून? हिरव्या, काळ्या, निळ्यातून. निळ्यातल्या काळ्या रेघा मात्र आता सांध्यांवर येत होत्या आणि वर जाताना त्यांचा बळी जाणार होता. गडदवर गडद, त्यात वरून कोट. तो बळी मी बिनदिक्कत दिला.

एकोणतीस चुण्या धरल्या तर मागं सव्वावीस इंच आणि कमरेवर सव्वासोळा. मापं बसली. प्रश्न कापडाचा होता. प्रत्येक चुणीला ७.७ इंच, म्हणजे एकोणतीस चुण्यांना सुमारे २२३ इंच. आठ वार म्हणजे २८८ इंच, पण ते सलग नसतात. दुप्पट पन्ह्याचं चार वार कापड उभं चिरून त्याचे दोन लांब तुकडे करायचे आणि सांधा एखाद्या चुणीच्या पोटात लपवायचा, अशी पद्धत आहे. चिरताना एक तुकडा उलटा फिरवावा लागतो, कारण किल्टला खालून दुमड नसते. कापडाची किनार हाच खालचा काठ, आणि ती दोन्ही तुकड्यांना खालीच हवी. गॉर्डनसारखं टार्टन दोन्ही बाजूंनी सारखं वाचता येतं, म्हणून फिरवलेलं कळत नाही. ब्युकॅनन टार्टनला हे चालत नाही, त्याची नक्षी एकाच दिशेनं जाते. असो. सांध्यावर सेट जुळवताना चारेक इंच गेले, शिवणीत एखादा गेला. ॲप्रन, त्यांच्या आतल्या घड्या आणि कडेच्या खोल चुण्या एवढ्या सगळ्यांना मिळून साठच इंच उरले. दोन ॲप्रनचेच साडेएकेचाळीस. बाकी साडेअठरात भागवायचं. भागलं, पण आतल्या घड्या हात राखून घेतल्या. आणखी एक चुणी मागितली असती तर कापड नाही म्हणालं असतं.

मध्यावर कोण?

इथं दुसरा पेच आला, आणि तो माझा नव्हता, आजोबांचा होता.

एकोणतीस ही विषम संख्या. बरोबर मध्यावर पंधरावी चुणी येते. तिच्यावर पिवळी ठेवली की पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस अशा पाच चुण्यांवर रेघ येते, दोन्ही कडांना चार-चार चुण्या उरतात. ऐकायला फार देखणं. पण पिवळी ही आरशाची जागा नाही हे मघाशी सांगितलं. पाठीच्या कण्याच्या डावीकडं जोड्यांचा निळा आणि उजवीकडं मधल्या जोडीचा निळा, असं दिसणार. पुढच्या ॲप्रनवर मी मध्यावर निळा धरला होता, तिथं दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. म्हणजे पुढं आरसा आणि मागं आरसा मोडलेला.

नातवाला मी दोन्ही चित्रं काढून दाखवली. त्याला फरक दिसेना. आजोबांना लगेच दिसला. तरीही ते म्हणाले, "कण्यावर पिवळी." नातवानं चौकडीचा हट्ट जिंकला होता, प्रत्येक चुणीवर रेघ येणार नव्हती. म्हाताऱ्याला एवढं तरी द्यावं असं मला वाटलं. हे कारागिरीचं कारण नव्हे, आणि मी ते कारागिरीचं म्हणून सांगणारही नाही. लग्नात नवरा वेदीकडं तोंड करून उभा राहतो, लोकांना त्याची पाठ दिसते. पहिल्या रांगेत आजोबा बसणार होते.

शिवण

यात सांगण्यासारखं थोडंच आहे, पण ते जवळून बघण्यासारखं आहे. चुणीची कड शेजारच्या चुणीवर ठेवून उजव्या बाजूनं हातानं शिवायची, टाका दिसता कामा नये. दोरा कडेच्या रंगाचा हवा, म्हणून एका सुईत हिरवा, एकीत काळा, एकीत निळा, तिन्ही सुया बाहीवर टोचलेल्या. दहाच्या हिशेबामुळे उभ्या पिवळीची कड कुठंच शिवावी लागली नाही, पिवळा दोरा रिळावर तसाच राहिला. पण आडव्या पिवळ्या रेघा आहेतच की! शिवलेल्या भागात त्या आडव्या येतात आणि प्रत्येक सांध्यावर टाका त्यांच्या अंगावरून जाणार. तिथं मी एक टाका रेघेच्या आधी घट्ट घेते, सुई कापडाच्या पोटातून पलीकडं काढते आणि रेघ संपल्यावर पुढचा टाका. रेघेवर काहीच नाही.

आडव्या रेघांचा खरा धोका वेगळा. एका सांध्यावर एक धागा खाली सरकला तर कोणाला कळणार नाही, पण एकोणतीस सांध्यांवर प्रत्येकी एक धागा सरकला की रेघ पायऱ्या उतरायला लागते. म्हणून दर चार-पाच चुण्यांनंतर किल्ट उचलायचा, खिडकीशी धरायचा आणि आडवी पिवळी डोळ्यांच्या पातळीवर आणून तिच्यावरून नजर फिरवायची. अकराव्या चुणीवर मला पायरी दिसली. नववीपर्यंत उसवलं.

मग आतून मागच्या बाजूनं चुण्यांच्या थरांमधून टाक्यांची आडवी ओळ घातली. चुण्यांचं वजन ती उचलते, नाहीतर किल्ट लोंबतो. त्यानंतर कात्री. त्यानंतर कॅनव्हास, अस्तर, वाद्या, बक्कल. शेवटी ओलं फडकं ठेवून इस्त्री. ओल्या लोकरीचा वास पडद्यांत दोन दिवस राहतो. जेवणाला तो वास येतो म्हणून माझा नवरा कुरकुरतो. मला तो इचलकरंजीच्या पावसाळ्यातल्या घोंगड्याचा वाटतो, म्हणून मी खिडकी उघडत नाही.

नंतर

लग्न झालं. मी गेले होते, मागच्या रांगेत. कमरेवर कोट होता, त्यामुळे ज्या चार बोटांसाठी सगळा खटाटोप केला ती झाकलेलीच होती. नाच सुरू झाल्यावर मुलानं कोट काढला तेव्हा पाचही रेघा वरपासून खालपर्यंत अखंड दिसल्या. आजोबांनी नातवाला पाठमोरा उभा केला, कमरेपासून खाली अंगठा फिरवत पाचही मोजल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारून सोडून दिलं.

महिन्याभरानं मी माझ्या शिक्षिका बाईंकडं फोटो घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर केला, मागची बाजू बघितली आणि बोटानं मोजलं. "अठ्ठावीस का नाही?"

मी म्हटलं, आजोबांना कण्यावर पिवळी हवी होती.

"ते कळलं. पण तू अठ्ठावीसचा विचार केला होतास का?"

नव्हता केला. घरी येऊन मांडून बघितलं. अठ्ठावीस चुण्या, तोच ०.७ चा भाग. मध्य चौदावी आणि पंधरावी यांच्या सांध्यावर येतो. त्या सांध्यावर जोड्यांच्या निळ्याचा मध्य धरला, तिथं साधा निळाच आहे, उतरणीत काही हरवत नाही. त्याच्यापासून अडीच चुण्यांवर दोन्ही बाजूंना पिवळी, म्हणजे बाराव्या आणि सतराव्या चुणीच्या बरोबर मध्यावर. मग सातवी आणि बाविसावी, दुसरी आणि सत्ताविसावी. सहा रेघा, सहाही पूर्ण, आणि आरसाही साबूत. मागं साडेएकोणीस इंचांना थोडं जास्त, ॲप्रन एकवीसच्या पुढं, म्हणजे ॲप्रन अंमळ रुंद झाला असता, पण सायकलवाल्या मांड्यांना तो शोभलाच असता. त्यात एका चुणीचं कापडही वाचलं असतं. मी समोर फक्त दोनच पर्याय ठेवले होते, कण्यावर पिवळी किंवा कण्यावर निळ्याची चुणी, आणि दुसऱ्यात पिवळ्या कडेवर जातात म्हणून तो मनातल्या मनात बाद केला होता. मध्यावर चुणीच असली पाहिजे असं कोणी सांगितलं होतं?

आजोबांना हे तेव्हा दाखवलं असतं तर त्यांनी कण्यावर सांधा मान्य केला असता का, असं मी नंतर त्यांच्या नातवाला विचारलं. तो म्हणाला, "छे." तरी अठ्ठावीसचा कागद खडूच्या डब्याखाली ठेवला आहे. गेल्या आठवड्यात आणखी एक गॉर्डन आलं. या गिऱ्हाइकाची सीट ४४ आहे आणि सेट सव्वासात इंच, म्हणजे सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून.